पडायला खाली जागा काय कमी आहे

बेळगावात मी इंग्रजीचे क्लास घेते. "मॅडम, तुमचं इंग्रजी इतकं चांगलं कसं?" असं एखाद्या मुलाची आई विचारते, तेव्हा मी कॉलेजचं नाव सांगते. ते साफ खोटं आहे. कॉलेजात आमचे सर धडा इंग्रजीत वाचायचे, अर्थ कन्नडमध्ये सांगायचे आणि बेल झाली की सुटलो एकदाचे म्हणून निघून जायचे. माझं इंग्रजी पोसलं ते स्वर्गातून हाकलून दिलेल्या काळ्या पंखांच्या पोरांवर.

त्या वर्षांत कॉलेजातल्या मुलींमध्ये असल्या पोरांच्या इंग्रजी कादंबऱ्यांची साथच आली होती. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुली त्या नव्या कोऱ्या घ्यायच्या. आम्ही खेड्यांतून बसनं येणाऱ्या मुली खडेबाजाराच्या एका बोळात जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडे जायचो. तो पुस्तकाचं नाव न वाचता नुसती जाडी बघून भाव सांगायचा. काळं मुखपृष्ठ, त्यावर मान खाली घातलेला उघडा तरुण, पाठीला पंख, भोवती गळून पडलेली पिसं. आत गोष्ट एकच. धुक्यातलं गाव, गावात शाळा, शाळेत स्वतःला सामान्य समजणारी एक मुलगी. वर्गात नवा मुलगा येतो. तो तिच्याशी तुसडेपणानं वागतो, तिच्या मागे मागे फिरतो, ती झोपलेली असताना खिडकीत उभा राहतो आणि वर तिलाच बजावतो की माझ्यापासून लांब राहा, मी वाईट आहे. हा मुलगा म्हणजे देवदूत. वर काहीतरी गुन्हा केला म्हणून पंख छाटून खाली ढकललेला. पुढे त्या मुलीच्या प्रेमानं तो सुधारतो. तो सुधारेपर्यंत तिचे जे हाल व्हायचे ते होतात, आणि त्या हालांनाच त्या पुस्तकांत प्रेम म्हणतात.

मला तेव्हा त्यात काही खटकत नव्हतं. मी बसमध्ये वाचायची, वर्गात बाकाखाली धरून वाचायची, आणि संध्याकाळी घरी आले की आक्काला सांगायची.

आमचं गाव खानापूरच्या रस्त्याला. आप्पा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला होते, सकाळच्या बसनं जायचे आणि अंधार पडता पडता काळे होऊन परत यायचे. शेत आई बघायची. आम्ही तीन भावंडं. सगळ्यांत मोठी आक्का, मग मी, आणि बराच धाकटा भाऊ, तेव्हा प्राथमिक शाळेत जाणारा. आक्का मराठी शाळेतून बारावी झाली आणि घरी बसली, म्हणजे शिलाईच्या मशीनवर बसली. अख्ख्या गावाचे ब्लाऊज तिच्याकडे यायचे. संध्याकाळी मशीन बंद करून ती हातानं काजं करायला घ्यायची, आणि मी तिच्या पायाशी बसून त्या इंग्रजी देवदूताला आमच्या गावच्या मराठीत आणायची. तो असा काही आमच्यात मिसळायचा की शेजारच्या गल्लीत राहत असावा.

आक्का मात्र गोष्ट गुपचूप ऐकणारी नव्हती. तिला सगळ्याचा हिशेब लागायचा.

"किती वर्साचा हाय म्हटलीस त्यो?"

"दोन हजार."

"दोन हजार वर्साचा घोडा, आणि अजून अकरावीत?"

"तसं नव्हं गं. तो मुद्दाम बसलाय वर्गात. तिच्यासाठी."

"मग पंख कुठं घालून बसतोय? बाकाला टेकाय येत न्हाय की."

"छाटलेत म्हटलं न्हवं का. वरनं ढकललं तेव्हा."

आक्कानं सुईतला दोरा दातानं तोडला आणि जरा विचार करून म्हणाली, "बरं, ढकललं. पडला. पण पडायला खाली जागा काय कमी हाय गं? एवढं डोंगर हाईत, समुद्र हाय, रान हाय. पोरीच्याच अंगावर कशाला पडाय पायजे?"

मी इतकी हसले की आतून आई ओरडली. आक्का स्वतः हसायची नाही, चेहरा तसाच कोरा ठेवून पुढचं काज घ्यायची. सगळ्या गावात तिच्या तोंडासारखं तोंड कुणाला नव्हतं. पण गोष्ट तिला हवी असायची. मला बस चुकून उशीर झाला तर मी पायांवर पाणी घेत असतानाच विचारायची, "आलं का पंख त्या बाबाला?"

दसऱ्याच्या आधी आमच्याकडे घरातली चिंधी न् चिंधी धुवायला काढतात. ते मी विसरले. आईनं गोधड्यांची चळत ओढली आणि मधल्या गोधडीतून माझे चारही देवदूत अंगणात पडले. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण मुखपृष्ठ वाचायला इंग्रजी लागत नाही. तिनं एक पुस्तक दोन बोटांत धरून लांब केलं.

"ह्यो उघडा कोण?"

"देवदूत," मी म्हणाले.

"देवदूत? असा? आणि ही पोरगी त्याच्या अंगाला काय म्हणून लागलीय?"

मी शहाणी. गोष्ट चांगली आहे हे पटवून द्यायला गेले. म्हटलं, तो आधी वाईट असतो गं, पण तिच्या प्रेमानं चांगला होतो. आईनं कपाळाला हात लावला.

"वाईट माणूस पोरीच्या नादानं चांगला होतोय? कुठं बघितलंस? कुणी सांगितलं तुला? असलं वाचून पोरींची डोस्की फिरत्यात, आणि मग कुणाच्या तरी मागं पळून जात्यात आणि जल्माचं वाटोळं करून घेत्यात."

आज सांगते, आईचा शब्द न् शब्द खरा होता. त्या पुस्तकांवर याहून चांगली टीका मी कुठे वाचलेली नाही. ती एवढं बोलली आणि चारही पुस्तकं पाणी तापवायच्या चुलीत घातली. त्या पाण्यानं घरातल्या सगळ्यांनी आंघोळी केल्या. चौथं पुस्तक म्हणजे त्या गोष्टीचा शेवटचा भाग, तो माझा निम्माच झालेला. आक्का केस पुसत पुसत हळूच म्हणाली, "आता त्याचं काय झालं ते कसं कळायचं?"

आता मामाबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे आईचा सगळ्यांत धाकटा भाऊ. आमचं आजोळ निपाणीच्या पलीकडे, तंबाखूच्या मुलखात. त्या घरात पहिला डिप्लोमा त्यानं केला, पुण्यात कंपनीत लागला. सुट्टीला यायचा तेव्हा अंगात काळं जाकीट, खाली मोटारसायकल, आणि दिसायला इतका देखणा की वाटेतल्या बायका पदर सावरून बघायच्या. लहानपणी आक्काला खांद्यावर बसवून यात्रा दाखवली ती त्यानंच. मग पुण्यात त्यानं कुणावर तरी हात उचलला आणि नोकरी गेली. आप्पांनी शब्द टाकून त्याला आपल्या फौंड्रीत लावलं. तिथे तो पिऊन आला, फोरमनच्या अंगावर गेला, आणि आप्पांना सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली. तेव्हापासून तो आजोळी होता. हायवेवरच्या धाब्यावर बसायचा. आई त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायची. "मूळचा देवमाणूस हाय त्यो. संगतीनं बिघडला."

दिवाळीत आई भाऊबिजेला माहेरी गेली आणि परत आली ती आक्काचं लग्न ठरवून. मामाशी.

आमच्याकडे हे नवल नाही. बहिणीच्या मुलीवर मामाचा पहिला हक्क, असं मानतात. घरातली पोरगी घरात राहते, परक्याच्या हाताखाली जात नाही, आजीच सासू होते, मग सासुरवास कसला, असं सगळं चांगलं चांगलं त्याबद्दल बोलतात. आता हे कमी झालंय. पण ज्या भावाला बाहेरचं कुणी पोरगी देत नाही, त्याच्यासाठी हा रिवाज बरोबर आठवतो. भाऊबिजेला ओवाळणी भावानं बहिणीला घालायची असते. आमच्या आईनं उलटी घातली.

त्या संध्याकाळी आप्पा कामावरून येऊन हात धूत होते. आईनं सांगितल्यावर ते थोडा वेळ नुसते साबण लावत राहिले.

"ह्या माणसाला मी फौंड्रीत ठिवून बघितलंय," ते म्हणाले. "पन्नास माणसांच्यात सुधारला न्हाय. एका पोरीला काय सुधारतोय?"

"फौंड्री आणि बायको एकच हाय व्हय?" आई म्हणाली. "लगीन झालं की सुधारंल. मायेचं माणूस जवळ नसलं की पुरुष असाच वाया जातोय. आमची पोरगी गुणाची हाय, ती आणंल त्याला वाटंवर."

मी दारात उभी होते. मला राग आला होता की हसू, ते आज सांगता येणार नाही. मी म्हणाले, "आई, हे तर त्या पुस्तकातलं हाय."

"कुठल्या?"

"तू जाळलंस त्या. तूच म्हटलीस की, वाईट माणूस पोरीच्या नादानं चांगला होत न्हाय म्हणून."

आईनं माझ्या कानाखाली वाजवली. "माझ्या भावाला त्या नागड्याच्या पंगतीत बसवतीस?" असं म्हणून ती रडायला लागली, आणि आई रडायला लागली की आमच्या घरातलं बोलणं संपायचं. आप्पांनी टॉवेल खुंटीला लावला आणि जेवायला बसले. ते त्या विषयावर परत कधी बोलले नाहीत. मला आईचा राग आला तो आला, पण आप्पांचा त्याहून जास्त आला. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी भाकरी मोडली.

आक्काला विचारलं नाही असं कुणी म्हणू नये. विचारलं. आजोळची दहा माणसं ओळीनं बसलेली असताना, चहाचा ट्रे तिच्या हातात असताना विचारलं. ती काही बोलली नाही, आणि ते हो समजलं गेलं. नंतर मशीनवर बसून ती मला म्हणाली, "न्हाय म्हटलं तर आईचं माहेर तुटतंय गं. तिला एक तेवढंच हाय." मी म्हटलं, आणि तुझं काय? तिनं मशीनचं पायडल दाबलं. त्या आवाजात पुढचं बोलता आलं नाही.

लग्न आजोळच्या दारात झालं. मंगलाष्टकांच्या आधी भटजींनी सवयीनं माईकवर सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." आणि सगळा मांडव हसायला लागला. कारण मुलीचा मामा अंतरपाटाच्या पलीकडे मुंडावळ्या बांधून उभा होता. भटजीही हसले. बाकीचे मामाही नवऱ्याकडचेच, मग आईच्या चुलतभावाला पुढे केलं, त्यानं आक्काला आणलं आणि तिच्या पाठीशी उभा राहिला. लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा करतात तो कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं. तिच्या पाठीशी उभं राहायचं ज्याचं काम, तोच समोर होता. मांडवातल्या बायका वर्षभर हा किस्सा सांगून हसत होत्या.

सुरुवातीला तो सुधारला. हे मला मान्य करायला हवं, नाहीतर आई म्हणेल की मी तेवढं गाळलं. तो तंबाखूच्या एका वखारीत कामाला जायला लागला. सोमवारी देवळात जायचा. दाढी नीट, शर्ट इस्त्रीचा. आई ज्याला त्याला सांगत सुटली होती, बघा, म्हटलं न्हवतं का. मी कॉलेजातून घरी आले की माझ्याकडे बघून जरा मोठ्यानं सांगायची. मीही गप्प बसले. काही महिने असं वाटलं की माझी पुस्तकं खरी होती आणि आईची टीका चुकीची.

मग वखारीत भांडण झालं, आणि पुढचं सगळं आधीसारखं सुरू झालं, फक्त आता मारायला घरात हक्काचं माणूस होतं.

आक्कानं मला एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. लग्नानंतर तिला त्याला 'अहो' म्हणायला जमायचं नाही. जन्मापासून मामा म्हणलेलं, ते जिभेवरून जायला तयार नव्हतं. चारचौघांत ती त्याला काही हाकच मारायची नाही. पण तो मारायला लागला की तिच्या तोंडून निघायचं, "मामा, नको रं, मामा." ते ऐकलं की तो जास्त चवताळायचा. हे सांगताना ती ब्लाऊजला हुक लावत होती आणि तिचा एकही टाका चुकला नाही.

एकदा ती आमच्याकडे निघून आली. डाव्या कानातून रक्त आलं होतं. त्या कानानं तिला पुढे कधी नीट ऐकू आलं नाही. इतर घरांत अशा वेळी माहेरची माणसं गाडी करून जातात, सासरच्या दारात उभं राहून आवाज करतात, जावयाची गचांडी धरतात. मी आईला म्हटलं, चल, जाऊया. आई म्हणाली, "कुणाकडं जाऊ? माझ्या आईकडं जाऊन माझ्या भावाची तक्रार करू?" ज्या मामांनी भाचीसाठी भांडायचं, ते तिचे दीर होते. ज्या आजीच्या कुशीत शिरायचं, ती सासू होती. घरातली पोरगी घरात राहते म्हणजे काय, तर तिला निघून जायला दुसरं घरच राहत नाही. दुसऱ्या दिवशी आईनं तिच्या ओटीत खोबरं घातलं आणि बसमध्ये बसवलं. बसवताना म्हणाली, "जरा प्रेमानं घे. तूच कुठंतरी कमी पडालीस."

ते वाक्य मला कधीच विसरता आलं नाही, कारण ते त्या सगळ्या कादंबऱ्यांच्या पोटात असतं. मुलीच्या प्रेमानं तो सुधारतो असं एकदा ठरलं, की तो सुधारला नाही याचा दोष कुणाचा हेही ठरूनच जातं.

मी शिकले, बेळगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, क्लास सुरू केला. लग्न केलं नाही. आजोळी माझा विषय निघाला की अजून म्हणतात, पुस्तकं वाचून बिघडली. तेही खरं असेल. वाचून मी बिघडले. आक्का सांगितल्यासारखी वागली, तिचं काय झालं ते बघायला मात्र कुणाला वेळ नाही.

आक्काला मुलगी झाली. बारशाला बायकांनी बाळाला माझ्या धाकट्या भावाच्या मांडीवर ठेवलं, तो तेव्हा हायस्कूलला जायला लागला होता, आणि कुणीतरी म्हणालं, "धर रं नीट, तुझी बायको हाय." तो लाजून लाल झाला, सगळ्या हसल्या. ही थट्टा आमच्याकडे प्रत्येक बारशाला होते. आक्का हसली नाही. तिनं येऊन बाळ उचललं आणि दूध पाजायचंय म्हणून आत गेली. मला वाटलं, बाळंतपणानं थकली असेल.

तो भाऊ आता तिशीकडे आलाय. आयटीआय केलं, आप्पांच्याच फौंड्रीत लागला, टिकला नाही. दोन-चार ठिकाणी धरसोड केली. आता घरी असतो, संध्याकाळी गावाबाहेरच्या पुलावर असतो. दिसायला मामावर गेलाय, असं सगळे कौतुकानं सांगतात. मुली बघून झाल्या, कुणी दिली नाही.

गेल्या वर्षी आमच्या गावची यात्रा होती. सगळे जमले. आक्काची लेक नववीत, उंचीनं आक्काएवढी झालेली. सकाळपासून ती कोपऱ्यात फोन घेऊन बसली होती. काय वाचतीस विचारलं तर डोळे चमकले. "मावशी, गोष्ट हाय. रोज एक भाग येतोय. त्यो ना, वरनं काढून टाकलेला असतोय. पंख काढून घेतल्यात त्याचं. लई रागीट हाय, पण मनानं चांगला." इतक्या वर्षांत जग बदललं म्हणतात. तो अजून अकरावीतच आहे, फक्त चुलीत घालता येऊ नये म्हणून फोनमध्ये शिरलाय.

दुपारी पंगत बसली. आप्पा, शेजारी मामा, मग भाऊ. मामा आता साठीचा वाटतो, वय तेवढं नाही. घास तोंडाशी नेताना त्याचा हात हलतो. आई मटणाचा रस्सा वाढत होती. आक्का आणि मी भाकरी. आईनं नातीच्या ताटात वाढलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सहज, अगदी सहज म्हणाली, "माझ्या नातीला मी लांब देणार न्हाय बाबा. घरातच पोरगा हाय की. अजून चार-पाच वर्सं हाईत. जरा प्यायला लागलाय, पण मूळचा देवमाणूस. पोरगी आली की सुधारंल."

भाऊ ताटात बघत राहिला. पोरगी काहीतरी थट्टा चाललीय असं समजून हसली. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आधी आक्का बोलली. तिनं भाकरीची टोपली खाली ठेवली होती.

"आई," ती म्हणाली, "तुझा भाऊ सुधारला?"

मामा तिथेच बसला होता. त्याच्या हातातला घास हातातच राहिला. आक्काचा आवाज चढलेला नव्हता. खरंच माहिती हवी असावी, तसं तिनं विचारलं होतं.

आई क्षणभर गोंधळली. मग तिनं मामाकडे पाहिलं, मायेनं पाहिलं, आणि म्हणाली, "सुधारंल की. अजून त्याचं काय वय झालंय?"

आई रस्सा घेऊन पुढच्या ताटाकडे गेली. ती खोटं बोलत नव्हती. तिला अजून वाटत होतं. त्या क्षणी मला तिची इतकी भीती वाटली, जितकी मामाची कधी वाटली नव्हती.

आक्कानं लेकीला खांद्याला धरून उठवलं. "हात धू. मावशीसंगट जायचं हाय." पोरगी म्हणाली, यात्रा? आक्का म्हणाली, "यात्रा बघितली." तिनं एका पिशवीत मुलीचे कपडे भरले. आई मागे मागे आली, अगं, गमतीनं म्हटलं, एवढं काय लावून घेतीस. आक्कानं तिला उत्तर दिलं नाही. आप्पा ओसरीवर होते. आम्ही समोरून गेलो तेव्हा ते उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

मुलीला माझ्या खोलीवर सोडून आक्का लगेच निघाली. दाखला काढून आणते, इकडच्या शाळेत घाल म्हणाली. मी बसस्टँडवर तिला सोडायला गेले आणि वाटेत भांडले. तू कुठं चाललीस? तूही राहा. मशीन घेऊ आपण एक. बेळगावात ब्लाऊज शिवणाऱ्याला काय कमी आहे?

"मी हितं राहिले की उद्या सगळी हितं येत्यात," ती म्हणाली. "तुझी खोली त्यांना ठावं हाय. आई रडंल, आजी पाय धरंल, आणि आम्हा दोघींनाबी घेऊन जातील. मी तितं गेले की त्यांचं काम भागतंय. पोरीला कुणी इचारणार न्हाय."

तिनं हे बरंच आधी ठरवून ठेवलं होतं, बहुतेक त्या बारशालाच.

निपाणीची बस लागली. कंडक्टर कन्नडमध्ये ओरडत होता. आक्का खिडकीशी बसली आणि मी खाली उभी राहिले. आणि अचानक ती वाकून म्हणाली, "गं, त्या पंखवाल्याचं शेवटी काय झालं? तुझं निम्मं राहिलं होतं बघ, आईनं चुलीत घातलं तवा."

मी ते पुस्तक नंतर परत मिळवून वाचलं होतं. "माणूस झाला," मी म्हणाले. "परत मिळालेले पंख तिच्यासाठी सोडून दिले, आणि साधा माणूस झाला."

आक्का हसली. इतक्या वर्षांनी तिला हसताना पाहिलं. "माणूस झाला? मग कल्याणच झालं म्हणायचं पोरीचं." आणि मग, बस हलता हलता, "आणि ती? तिचं काय झालं?"

तिचं पुस्तकात काहीच नव्हतं. मी तसं ओरडून सांगितलं, पण आक्काचा डावा कान माझ्याकडे होता. तिनं कानामागे हात धरला, ऐकू न आल्याची खूण केली, आणि बस फाटकातून बाहेर पडली.

मी खोलीवर आले तेव्हा भाची पलंगावर पाय घेऊन फोनमध्ये बघत होती. "मावशी, आज दोन भाग आले," ती म्हणाली. "आता सुधारायला लागलाय त्यो."

मी तिच्या शेजारी बसले. फोन हिसकावून घ्यावा असं फार वाटलं, पण मला चूल माहीत होती. मी तिला म्हटलं, तुझ्या आईला मी ही गोष्ट सांगायची तेव्हा ती काय म्हणायची सांगू? आणि सांगितलं. दोन हजार वर्षांचा घोडा, अकरावीत. बाकाला न टेकणारे पंख. पडायला खाली जागा काय कमी हाय, डोंगर हाईत, समुद्र हाय, पोरीच्याच अंगावर कशाला पडाय पायजे?

पोरगी पोट धरून हसली. हसता हसता आडवी झाली, परत उठून बसली, डोळे पुसले. मग माझ्याकडे बघत राहिली.

"आई?" तिनं विचारलं. "आई असं हसवायची? म्या तर कधी ऐकलं न्हाय."